हंबोल्टचा पर्वत आणि फुलांचा नकाशा

कोणतें फूल कोठें फुलतें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं बालबोध वाटतो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस त्याचें उत्तर तोंडपाठ असतें. मंगळागौरीची किंवा हरितालिकेची पत्री आणावयाची झाली, म्हणजे आघाडा कोणत्या बांधावर मिळेल, दूर्वा कोठें कोवळ्या असतील, तेरडा टेकडीच्या कोणत्या अंगास फुलला असेल, हें त्या मुलांस न चुकतां सांगतात. गांवच्या शिवारापुरता वनस्पतींचा एक नकाशा त्यांच्या मनांत तयारच असतो. आणि तो बहुधा बरोबर असतो, कारण दरसाल श्रावण-भाद्रपदांत त्याची परीक्षा होते. पण हाच प्रश्न शिवेपलीकडे नेला, एका गांवाऐवजीं एक पर्वत, एक खंड किंवा सारा उष्ण कटिबंध त्याच्यापुढें ठेविला, म्हणजे त्याचें बालबोध रूप पार पालटतें. सपुष्प वनस्पतींच्या ज्ञात जाति तीन लक्षांच्या आसपास आहेत, आणि त्यांचा मोठा भाग उष्ण प्रदेशांत वसतो. त्यांपैकीं कोणती जाति कोठून कोठपर्यंत आढळते, हें कागदावर रेखाटणारा मनुष्य जितकें पाहतो त्याहून कितीतरी अधिक गृहीत धरितो. तें गृहीत कोणतें व किती, हें ओळखणें हेंच अशा नकाशाचें खरें वाचन होय.

या विचारास निमित्त झालें तें एका जुन्या ग्रंथाचें. आलेक्झांडर फॉन हंबोल्ट याचा वनस्पतींच्या भूगोलावरील फ्रेंच निबंध पॅरिस येथें १८०७ सालीं बाहेर पडला. सिल्व्ही रोमानोव्स्की यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर स्टीफन जॅक्सन यांच्या संपादकत्वाखालीं शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयानें २००९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि दोनशें वर्षांपूर्वींची ही कृति इंग्रजी जाणणाऱ्या सामान्य वाचकाच्याहि आटोक्यांत आली. शीर्षकपृष्ठावर हंबोल्ट व त्याचा सहप्रवासी एमे बाँप्लां या दोघांचीं नांवें आहेत. लेखन मात्र एकट्या हंबोल्टचें आहे. मूळ निबंध लहान, ओघवता व प्रसन्न आहे. त्यापुढें येणारें विवरण त्याच्या कितीतरी पट लांब असून तें सारें एका चित्रफलकाचें स्पष्टीकरण होय. ग्रंथाची कीर्ति निबंधामुळें नव्हे, विवरणामुळें तर नव्हेच, या चित्रफलकामुळें झाली. म्हणून आमचेंहि परीक्षण मुख्यतः त्याचेंच आहे.

हंबोल्ट व बाँप्लां १७९९ च्या जून महिन्यांत स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाले, आणि पांच वर्षें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत हिंडून १८०४ सालीं युरोपास परतले. त्यांनीं सुमारे सहा हजार जातींच्या वनस्पति गोळा केल्या असें मानितात. १८०२ सालच्या मार्चमध्यें ते आजच्या एक्वादोर देशांतील आंतिसाना या ज्वालामुखीवर चढले, व त्याच वर्षीं २३ जून रोजीं चिंबोराझोवर. चिंबोराझो हें त्या काळीं जगांतील सर्वांत उंच शिखर समजलें जात असे. धुकें, थंडी, विरळ हवा आणि शेवटीं वाट अडविणारी एक खोल घळ यांमुळें माथा गांठतां आला नाहीं. तरी पावणेसहा हजार मीटरांहून अधिक उंची आपण गांठली असें हंबोल्टचें मापन सांगतें. पुढील वर्षाच्या आरंभीं ग्वायाकिल बंदरांत असतां त्यानें या फलकाचा पहिला कच्चा आराखडा काढिला.

त्या फलकाचें थोडें वर्णन करणें भाग आहे. एका मोठ्या पृष्ठावर विषुववृत्ताजवळील आंदीज पर्वताचा उभा छेद दाखविला आहे. मध्यें हिमाच्छादित चिंबोराझो, त्याच्या मागें धूर ओकणारा कोतोपाक्सी. पर्वताचें एक अंग चित्रकारानें रंगविलेलें आहे : पायथ्याशीं दाट अरण्य, वर विरळ झुडपें, त्यावर गवत, मग खडक आणि बर्फ. दुसरें अंग मात्र जणूं करवतीनें कापलेलें असून त्या उघड्या पृष्ठभागावर चित्राऐवजीं अक्षरें आहेत. जी वनस्पति ज्या उंचीवर आढळली तिचें लॅटिन नांव त्या उंचीवर बारीक टांकानें लिहिलें आहे. तळाशीं केळीच्या वर्गांतील झाडें व ताड-माड. त्यावर वृक्षाएवढे नेचे आणि सिंकोना. पुढें थंड हवेंतील झुडपें व औषधि. ४,१०० मीटरांपासून ४,६०० मीटरांपर्यंत गवताचा पट्टा. त्यावर दगडफूल आणि ४,८०० मीटरांच्या सुमारास कायमच्या बर्फाची सीमा. जमिनीखालीं, खाणींत व गुहांत वाढणाऱ्या बुरशींचीं नांवेंहि लेखकानें वगळलीं नाहींत. दोन्ही बाजूंच्या उभ्या रकान्यांत त्या त्या उंचीवरील हवेचा दाब, उष्णमान, आर्द्रता, आकाशाच्या निळेपणाची मात्रा, पाणी उकळण्याचा अंश, तेथील प्राणी व तेथें होणारीं पिकें यांची नोंद आहे.

आतां या कृतीच्या गुणांकडे वळूं. तिच्या पूर्वीं वनस्पतींचे ग्रंथ म्हणजे बहुधा याद्या असत. नांव, लक्षणें, आणि एखाद्या शब्दांत देशाचा उल्लेख, इतक्यांत जातीची बोळवण होई. उंचीप्रमाणें वनस्पति बदलतात हें मेंढपाळांस व औषधि खणणाऱ्यांस अर्थातच ठाऊक होतें. फ्रान्समध्यें जिरो-सुलावी यानें अठराव्या शतकांतच डोंगराचा छेद काढून तें दाखविलेंहि होतें. हंबोल्टचें श्रेय तें तत्त्व प्रथम पाहण्याचें नाहीं, तर त्याला कारणांशीं जोडण्याचें आहे. त्याच्या फलकांत डोळा आडवा फिरविला, म्हणजे एखादें झाड जेथें उभें आहे तेथें हवा किती जड, ऊन किती प्रखर आणि शेत कशाचें, हें एका ओळींत वाचतां येतें. विषुववृत्ताजवळ पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढणें म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवाकडे प्रवास करण्यासारखेंच आहे, हा विचार त्या एका चित्रानें शाळकरी मुलालाहि पटतो. पांडित्य आणि सुबोधता यांचा असा मिलाफ विरळा.

दुसरा गुण असा कीं, हें चित्र पाहणारास स्वस्थ बसूं देत नाहीं. जर्मन आवृत्ति हंबोल्टनें महाकवि गटे यास अर्पण केली होती. गटेच्या हातीं पुस्तक आलें तें चित्रफलकावांचून. नुसतें विवरण वाचून त्यास राहवलें नाहीं, आणि एका बाजूस जुन्या जगांतील व दुसऱ्या बाजूस नव्या जगांतील पर्वत मांडून त्यानें स्वतःच एक चित्र काढिलें. ज्या ग्रंथाचें चित्र हरवलें असतां वाचक तें काढावयास बसतो, त्या ग्रंथांत कांहीं जीव आहे हें निराळें सांगावयास नको.

परंतु गुणांचा गौरव करून थांबणें हें परीक्षकाचें काम नव्हे. या फलकाकडे बारकाईनें पाहूं लागल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : हा पर्वत कोणता? चित्र चिंबोराझोचें दिसतें. आणि गेलीं दोनशें वर्षें बहुतेकांनीं तें चिंबोराझोचेंच मानलें. या समजुतीचा परिणाम केवळ पुस्तकी राहिला नाहीं. २०१२ सालीं संशोधकांची एक तुकडी मुद्दाम चिंबोराझोवर गेली, हंबोल्टनें दिलेल्या उंचींशीं आजच्या वनस्पतींच्या उंची तिनें ताडून पाहिल्या, आणि २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, वनस्पतींची वरची सीमा ४,६०० मीटरांवरून ५,१८५ मीटरांवर गेली आहे, व एकंदर पट्टे सरासरीनें ५०० मीटरांहून अधिक वर सरकले आहेत. पृथ्वीची हवा तापत आहे, बर्फ मागें हटत आहे, आणि फुलें डोंगर चढत आहेत, याचा इतका जुना व इतका ठळक पुरावा दुसरा कोणता? साहजिकच त्या निष्कर्षाचा बोलबाला झाला.

पुढें २०१९ सालीं पिएर मोरे व त्यांचे फ्रान्स आणि एक्वादोर येथील सहकारी यांनीं हंबोल्टचीं मूळ टिपणें, त्याचीं नंतरचीं प्रकाशनें आणि संग्रहालयांतील वाळविलेले नमुने एकत्र ठेवून तपासले. तेव्हां असें दिसून आलें कीं, वृक्षसीमेच्या वरच्या ज्या वनस्पति चिंबोराझोच्या अंगावर लिहिल्या आहेत, त्यांतील बहुतेक हंबोल्टनें आंतिसानावर गोळा केल्या होत्या. शिवाय १८०७ च्या फलकांतील कांहीं नोंदी घाईच्या व चुकीच्या होत्या, आणि हंबोल्टनें स्वतःच पुढील ग्रंथांतून त्या सुधारीत नेल्या. तेव्हां या संशोधकांनीं आंतिसानावरच जाऊन पुन्हां मोजणी केली. तेथें वनस्पतींची वरची सीमा सरकली होती हें खरें. पण ती २१५ ते २६६ मीटर, म्हणजे पूर्वीं सांगितलेल्या आंकड्याच्या निम्म्याच्या आसपास.

या वादांत आमची सहानुभूति कोणाकडे, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हंबोल्टला लबाड ठरविणें अन्यायाचें होईल. त्यानें फलकाला नांव दिलें तें ‘आंदीज व शेजारील प्रदेश’ असें. चिंबोराझोचें चरित्र लिहितों असा त्याचा दावा नव्हता. उत्तर व दक्षिण अक्षांशांच्या दहा-दहा अंशांतील निरीक्षणें त्यानें एका पर्वतावर रचिलीं. चित्रकार जसा अनेक मुखांवरून एक आदर्श मुख काढितो, तसा हा आदर्श पर्वत आहे. चूक झाली ती त्या आदर्शास प्रत्यक्ष समजून त्याच्या अंगावर मोजपट्टी लावणारांची. तथापि हंबोल्ट यांतून सर्वस्वीं सुटतो असेंहि नाहीं. ज्या शिखराचा आकार घेतला त्याच्याच अंगावर दुसऱ्या डोंगरांचीं फुलें लिहावयाचीं, आणि कोणतें फूल कोणत्या डोंगराचें हें त्या पृष्ठावर कोठेंच सांगावयाचें नाहीं, ही पद्धति सुंदर असली तरी धोक्याची आहे. तिच्यांत सौंदर्यासाठीं पत्ता खोडला गेला आहे. वनस्पतींच्या भूगोलांत पत्ता हाच पुरावा असतो. तो खोडला कीं पुढील पिढीच्या हातीं केवळ विश्वास उरतो.

आणि तरीहि या वादाचा निकाल कोणत्या साधनानें लागला तें पाहावें. तो त्या भव्य फलकानें लागला नाहीं. मळक्या वह्यांतील टिपणांनीं व कागदावर चिकटविलेल्या काटक्यांनीं लागला. मूळ नमुने जपून ठेविले नसते, तर दोन्ही पक्ष आजहि आपापल्या जागीं बसून भांडत राहिले असते. शिवाय लहान आंकडा म्हणजे लहान संकट असेंहि कोणीं समजूं नये. दोनशें-अडीचशें मीटर ही डोंगराच्या माथ्याजवळ राहणाऱ्या फुलास थोडी वाट नव्हे, कारण माथा संपल्यावर त्याला पुढें जावयास जागाच नसते. उलट फुगविलेला आंकडा एकदां खोटा ठरला, म्हणजे खऱ्या आंकड्यावरहि लोक विश्वास ठेवीत नाहींत. संकट खरें असेल तेव्हां तर मोजमाप अधिकच काटेकोर हवें.

दुसरा दोष मनाला अधिक लागणारा आहे. १८०१ सालच्या अखेरच्या दिवशीं इबारा गांवीं हंबोल्टची व फ्रान्सिस्को होसे दे काल्दास याची भेट झाली. काल्दास हा पोपायानचा राहणारा, बहुतांशीं स्वतःच्या बळावर शिकलेला विद्वान्. उष्णतामापकाच्या साहाय्यानें, पाणी किती अंशांवर उकळतें यावरून उंची काढण्याची युक्ति त्यानें स्वतंत्रपणें शोधिली होती. तोहि आंदीजच्या उतारांवर कोणतें पीक व कोणतें झाड किती उंचीवर होतें याचे छेद काढीत होता. विषुववृत्ताजवळील लागवडीच्या वनस्पतींच्या उंचीवर त्यानें १८०३ सालीं एक निबंधहि लिहिला. हंबोल्टबरोबर पुढील प्रवासास जाण्याची त्याची उत्कट इच्छा होती. हंबोल्टनें ती मान्य केली नाहीं, आणि त्याच्याऐवजीं कीतोच्या एका सरदार घराण्यांतील तरुण कार्लोस मोंतुफार यास बरोबर घेतलें. काल्दासच्या मनाला ही गोष्ट फार झोंबली. पुढें स्वातंत्र्ययुद्धांत हे दोघेहि स्पेनविरुद्ध उभे राहिले, आणि १८१६ सालीं दोघांसहि स्पॅनिश फौजेनें गोळ्या घालून ठार केलें.

हंबोल्टनें काल्दासची कल्पना चोरली, असा आरोप कोणीं कोणीं केला आहे. तो आम्हांस सिद्ध झालेला वाटत नाहीं. वनस्पतींच्या भूगोलाचा विचार हंबोल्टच्या मनांत अमेरिकेस जाण्यापूर्वींपासून घोळत होता, आणि एकाच डोंगरउतारावर राहणाऱ्या दोन जिज्ञासु माणसांस एकच प्रश्न सुचावा यांत नवल नाहीं. पण चोरी न करितांहि अन्याय होऊं शकतो. एकाला पॅरिसचे चित्रकार, कोरक्ये व छापखाने मिळाले, दुसऱ्याला कागद मिळण्याची पंचाईत. एकाचा फलक जगभर गेला, दुसऱ्याचे छेद दप्तरांत राहिले. नकाशावर कोणाचें नांव येतें हें केवळ कोणीं पाहिलें यावर ठरत नाहीं, कोणाजवळ छापण्याचें साधन होतें यावरहि ठरतें. आणि काल्दासला निदान इतिहासांत जागा मिळाली. ओझीं वाहणारे, वाट दाखविणारे आणि झाडाचें देशी नांव व गुण प्रथम सांगणारे जे डोंगरांतील लोक, ते फलकावर कोठेंच नाहींत.

अशा नकाशाचा उपयोग कोणीं व कशासाठीं केला, हेंहि विसरून चालणार नाहीं. सिंकोना हा वृक्ष किती उंचीवर व कोणत्या हवेंत वाढतो, हें ज्ञान वरकरणीं निरुपद्रवी आहे. पण त्याच्या सालींतून हिवतापावरचें कोयनेल निघतें. आणि १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅम यानें आंदीजमधून रोपें व बीं आणवून निलगिरीवर सिंकोन्याची लागवड उभी केली, तेव्हां अशाच ज्ञानावर भिस्त होती. त्यायोगें आपल्या देशांतील असंख्य तापकऱ्यांस आराम पडला हें मान्य. ज्या देशाची ती संपत्ति, त्याची मक्तेदारी त्यामुळें मोडली हेंहि तितकेंच खरें. स्वतः हंबोल्टला हिमालय पाहण्याची फार इच्छा होती. ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास कधींच परवानगी दिली नाहीं. फुलें पाहणाऱ्याचे डोळे आणखीहि कांहीं पाहतील, ही धास्ती कंपनीस वाटली असल्यास ती अगदींच अनाठायीं म्हणतां येत नाहीं.

तिसरा दोष हा एकट्या हंबोल्टचा नव्हे, या सर्व प्रकारच्या नकाशांचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फलकावर ज्या उंचीवर नांव लिहिलें आहे तेथें ती वनस्पति होती, इतकें आपण मानूं; पण जेथें नांव नाहीं तेथें ती नव्हती, असें कोणीं सांगावें? कोरी जागा दोन कारणांनीं उरते : तेथें कांहीं नाहीं म्हणून, किंवा तेथें कोणी गेलें नाहीं म्हणून. कागदावर मात्र दोहोंचा रंग एकच.

याचें एक चांगलें उदाहरण ब्राझीलमधील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांत घडलें. तेथील कांहीं ठराविक भागांत, इतरत्र न आढळणाऱ्या जाति दाटीनें एकवटलेल्या दिसत. त्यावरून विद्वानांनीं एक मोठी उपपत्ति रचिली कीं, हिमयुगांतील कोरड्या काळांत सारें अरण्य आटून त्याचीं कांहीं बेटें उरलीं, आणि तींच आजच्या या दाटीचीं मूळ स्थानें होत. उपपत्ति मोहक होती. परंतु १९९० सालीं ब्रूस नेल्सन व त्यांचे सहकारी यांनीं ‘नेचर’ पत्रांत दाखवून दिलें कीं, दाटीचीं हीं केंद्रें व वनस्पतिसंग्राहकांनीं ज्या जागीं वारंवार नमुने गोळा केले तीं ठिकाणें हीं बव्हंशीं एकच आहेत. मनौससारख्या शहराभोंवतीं फुलें अधिक दिसलीं, कारण तेथें पाहणारे अधिक होते. अरण्याचा इतिहास म्हणून जो नकाशा वाचला गेला, तो बऱ्याच अंशीं संग्राहकांच्या पायवाटांचा नकाशा होता. अरण्याचीं बेटें खरोखर होतीं कीं नव्हतीं हा प्रश्न निराळा. पण या साक्षीदाराची साक्ष मात्र त्या दिवसापासून लुळी पडली.

असेंच आपल्या सह्याद्रीसहि लागू आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील थिओडोर कूक यांचा इंग्रजी ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झाला. कूक हे मूळचे स्थापत्यविद्येचे जाणकार, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत बसून त्यांनीं हें काम केलें. या ग्रंथांत चित्रें नाहींत, भव्य फलक नाहीं. भाषा रुक्ष आहे. पण प्रत्येक जातीपुढें कोंकण, देश, गुजराथ, कानडा, सिंध असे विभाग पाडून ठिकाण व संग्राहकाचें नांव दिलें आहे. आणि जो नमुना कूक यांनीं स्वतः पाहिला त्याच्या संग्राहकापुढें उद्गारचिन्ह घातलें आहे. ती लहानशी उभी रेघ व तिच्याखालचा ठिपका आम्हांस हंबोल्टच्या साऱ्या फलकाइतका मोलाचा वाटतो. त्याचा अर्थ इतकाच कीं, ‘हें मीं पाहिलें आहे; बाकीचें ऐकीव आहे.’ साहेब संग्राहकांच्या नांवांबरोबर त्या पानांतून कानिटकर, भिवा अशीं आपल्या माणसांचीं नांवेंहि भेटतात. कोण हा भिवा, कोणत्या पावसांत भिजत तो लोंढ्याच्या रानांत हिंडला, हें ग्रंथ सांगत नाहीं. पण आंदीजमधील वाटाड्याप्रमाणें तो निनांवी राहिला नाहीं, हें कांहीं थोडें नव्हे.

तथापि ही सचोटीहि कोरी जागा भरून काढूं शकत नाहीं. शिंदळ माकुडी ही खडकाच्या कपारींत वाढणारी, तांबड्या चांदण्यांसारख्या फुलांची, महाराष्ट्राबाहेर न आढळणारी वनस्पति घ्या. डाल्झेल यानें १८६५ च्या सुमारास तिचें शास्त्रीय वर्णन करून मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याचें नांव तिला दिलें. ती प्रथम जुन्नरच्या परिसरांत मिळाली. पुढें शिवनेरी, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणांहून तिची नोंद झाली. हीं नांवें वाचतांच मनांत येतें कीं, ही वनस्पति किल्ल्यांवर व थंड हवेच्या ठिकाणीं राहते, कीं वनस्पतिशास्त्रज्ञ तेथें जातात? कारवीची गोष्ट आणखी निराळी. ती सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते. मधल्या वर्षीं आलेल्या संग्राहकास हिरवी झुडपें दिसतात, फूल दिसत नाहीं. आणि फुलावांचून नमुना घेण्यास तो सहसा राजी नसतो. म्हणजे नकाशावरचा ठिपका जागेचा असतो खरा, पण तो काळाचाहि असतो, आणि सुट्टीचा, वाहनाचा व पावसाचाहि असतो.

वाचक म्हणतील, हा सारा पंडितांचा खल झाला. संसारी माणसास त्याचें काय? त्याचें उत्तर कोंकणांतील व घाटमाथ्यावरील सड्यांकडे पाहिल्यास मिळतें. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण सपाट माथे आठ महिने भकास दिसतात, आणि सरकारी दप्तरांत पुष्कळदां पडीक जमीन म्हणून गणले जातात. पावसाळा लागला कीं, त्याच दगडावर बोटभर मातींत गेंद, सीतेचीं आसवें, तेरडा, सोनकी यांचे ताटवे उभे राहतात, आणि त्यांतील कित्येक जाति जगांत दुसरीकडे कोठेंच नाहींत. साताऱ्याजवळचें कासचें पठार यामुळें प्रसिद्धीस आलें, व २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत त्याचा समावेश झाला. परंतु ज्या सड्यावर कोणी संग्राहक पावसांत गेला नाहीं, तो नकाशावर कोराच राहतो. मग खाण काढावयाची असो, रस्ता न्यावयाचा असो कीं कलमांची बाग लावावयाची असो, त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवून ‘येथें कांहींच नाहीं’ असें म्हणणें सोपें होतें. अज्ञानाचा पांढरा रंग निर्जनतेचा दाखला म्हणून पुढें केला जातो. सुरुंगाचा बार उडाल्यानंतर ती चूक दुरुस्त करण्यास कोणतीहि सुधारलेली आवृत्ति उपयोगीं पडत नाहीं.

यावरून असे नकाशे करूंच नयेत, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. हंबोल्टनें आदर्श पर्वत काढिला नसता, तर पट्टे वर सरकले कीं काय हा प्रश्नच दोनशें वर्षांनीं कोणाला सुचला नसता. चुकीचा पण तपासतां येण्याजोगा नकाशा हा, मुळींच नकाशा नसण्यापेक्षां कधींहि बरा. आज कोपनहेगन येथें कचेरी असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनें जगभरच्या संग्रहालयांतील नोंदी एकत्र करून कोणासहि घरबसल्या पाहतां येतील अशा ठेविल्या आहेत; कूक यांना एका जातीसाठीं जे कष्ट पडले, ते आज विद्यार्थ्यास पडत नाहींत. पण नोंदींचे ढीग वाढले म्हणून कोऱ्या जागेचें कोडें सुटलें, असें होत नाहीं. गजबजलेल्या जागीं आणखी ठिपके पडतात, आणि ओसाड जागा ओसाडच दिसते. म्हणून आमची मागणी माफक आहे. फुलांच्या प्रत्येक नकाशाबरोबर पाहणारांचाहि नकाशा असावा. कोठें शोधलें व सांपडलें, कोठें शोधलें व सांपडलें नाहीं, आणि कोठें शोधलेंच नाहीं, हे तीन रंग निरनिराळे असावेत. कूक यांच्या उद्गारचिन्हानें जें एका नमुन्यासाठीं केलें, तेंच साऱ्या पृष्ठासाठीं करावयाचें आहे.

ग्रंथाविषयीं शेवटचें एकच सांगावयाचें. संपादकांनीं या जुन्या निबंधास त्याच्या काळाच्या चौकटींत बसवून दिलें आहे, ही त्यांची कामगिरी अभिनंदनीय आहे. चित्रफलकाचें विवरण कंटाळवाणें वाटल्यास वाचकांनीं तें वगळण्यास हरकत नाहीं. पण मूळ निबंध अवश्य वाचावा, आणि तो वाचतांना काल्दासचें व आंतिसानाचें स्मरण ठेवावें. हा निबंध मराठींत उतरला, तर आपल्या शाळांतील भूगोलाच्या तासास थोडी जान येईल. मुलांनीं मग आपल्या गांवच्या टेकडीचा छेद काढावा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोणतें झाड कोठें आहे तें लिहावें, आणि जेथें आपण गेलों नाहीं तेथें प्रामाणिकपणें तसें लिहावें. तो नकाशा आजीस दाखवावा. ती त्यांतल्या दोन-चार चुका खात्रीनें काढील. कारण तिचा नकाशा दरसाल पत्रीच्या दिवशीं तपासून घेतलेला असतो, आणि हंबोल्टच्या पर्वताला जी गोष्ट दोनशें वर्षें मिळाली नाहीं ती हीच होय.